हाल्बेराचा फळा

हेमाएय बेटावरच्या वाचनालयात
दारातून शिरलं की डाव्या हाताला फळा आहे.
रोज सकाळी हाल्बेरा त्यावर दिनविशेष लिहिते:
तह, लढाया, राण्यांचे जन्म,
कुणी कुठला तारा पहिल्यांदा पाहिला ते.
आम्ही बोटींवरची माणसं बूट आपटत आत येतो, वाचतो,
‘म्हणजे आज काही विशेष नाही’ म्हणतो
आणि कॉफीकडे वळतो.

तेवीस जानेवारीला तिचा खडू
आधी बोटांतच फिरत राहतो.

*पंधराशे छप्पन्न. चीन, शान्शी.*
डोंगराच्या मऊ मातीत कोरलेली घरं.
आत लोक झोपलेले.
जमीन हलली आणि घरं मिटली.
आठ लाखांवर माणसं, असं पुस्तक सांगतं.
ती आकडा लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते;
आमचा अख्खा आइसलँड दोनदा मोजला
तरी इतकी डोकी भरत नाहीत.

*एकोणीसशे साठ. पॅसिफिक.*
दोघं जण लोखंडी गोळ्यात बसून
समुद्राच्या सगळ्यात खोल तळाला टेकले.
जाताना एका खिडकीला तडा गेला.
वीस मिनिटं थांबले, चॉकलेट खाल्लं, वर आले.
चॉकलेटचं ती मुलांसाठी मुद्दाम लिहिते.

*एकोणीसशे त्र्याहत्तर. इथेच.*
एवढंच. पुढे काही नाही.
ते आम्हाला वाचावं लागत नाही,
खिडकीतून तो डोंगर दिसतो,
वयाने आमच्यातल्या निम्म्यांहून लहान.

पण यंदा खाली चौथी ओळ होती:
*अठराशे ब्याण्णव. टॉर्फी, जाळी विणणारा. जन्म.*

‘हा कोण बुवा?’ ब्यार्तमारने विचारलं.

खडू हातातच होता तिच्या.
म्हणाली, त्या रात्री मला सातवं लागलं.
आईने केक करून खिडकीत ठेवला होता,
वर निळ्या चौकड्यांचं फडकं.
रात्री दोनला वडिलांनी उठवलं.
बाहेर कुरणाची शिवण उसवली होती
आणि टोकापासून टोकापर्यंत आग उभी.
मला वाटलं, हे माझ्यासाठी.
मी टाळ्या वाजवल्या.
आईने माझे हात घट्ट धरले,
मग मोजे उलटेच चढवले पायांत.

आदल्या दिवशी वादळ होतं
म्हणून सगळ्या बोटी बंदरातच, हे नशीब.
आम्हाला एका बोटीच्या पोटात बसवलं.
खारवलेल्या माशांचा वास. एकच लांब फळी.
फळीवर जो जिथे आला तो तिथे:
माशांच्या पेटीत झोपवलेलं तान्हं,
मांडीवर भिंतीचं घड्याळ घेतलेली बाई,
एक झिंगलेला, दर लाटेला
‘आलं का गाव?’ विचारणारा,
आणि माझ्या उजवीकडे एक म्हातारा.
कोण कुणाशेजारी का बसलंय
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी त्याला सांगितलं, आज मी सात वर्षांची.
तो म्हणाला, ‘मग आपण दोघं. मी एक्क्याऐंशी.’
खिशातून सुका मासा काढला,
डबीतलं लोणी नखाने लावलं,
मोठा तुकडा मला दिला.
‘केक समज,’ म्हणाला. ‘चाव मात्र जोरात.’

पहाटे धक्क्यावर उतरलो.
गर्दीत तो एकीकडे, आम्ही दुसरीकडे.
पुन्हा दिसला नाही.

बंदर वाचलं. केक नाही.
तो अजून तिथेच असेल, आमच्या खिडकीत,
वर शंभर फूट दगड.

‘पण त्याने केलं काय?’ ब्यार्तमार म्हणाला.
‘म्हणजे फळ्यावर लिहिण्यासारखं?’

‘शेजारी बसला होता,’ हाल्बेरा म्हणाली,
आणि पुढे काही बोलली नाही.

कॉफीचं भांडं उकळून उकळून कडू झालं होतं.
ब्यार्तमार दारापर्यंत गेला, टोपी घातली, काढली.
म्हणाला, ‘माझी धाकटी नऊ मेची आहे.
तिनेही अजून काही केलेलं नाही.’

‘नऊ मेला ये,’ ती म्हणाली.
‘तिला घेऊन ये. आणि
वरच्या ओळी भरायच्या आत ये,
जागा कमी असते.’